आरई ४ ला शिव्या देणं बंद करा बे, भीती गोळ्यांनी नाही मेली

तर्री_मारके (धागा काढणारा)

ग्रुपवर परत तीच कॅसेट सुरू झाली म्हणून इथं लिहून राहिलो. व्हॉट्सॲपवर एवढं टाइप केलं तर कोणी वाचत नाही अन् मध्येच कोणीतरी गुड मॉर्निंगचा फोटो टाकते. तर विषय कॅपकॉमच्या रेसिडेंट ईव्हिल, म्हणजे आरई, या हॉरर व्हिडिओ गेम सिरीजचा, अन् कॅसेट अशी की "रेसिडेंट ईव्हिल चौथ्या भागापासून हॉरर राहिला नाही, ॲक्शन झाला, वाट लागली". हे इतक्या जणांनी ऐकवलं आहे की त्यातले किती जण खरंच चौथा खेळले अन् किती जण यूट्यूब पाहून बोलून राहिले ते समजत नाही.

माझं म्हणणं असं आहे की या सिरीजमध्ये भीती राक्षसाची कधीच नव्हती, हिशोबाची होती. १९९६ चा पहिला भाग घ्या, दिग्दर्शक शिंजी मिकामीवाला, पीएस१ म्हणजे पहिल्या प्लेस्टेशनवरचा. खेळायला ख्रिस घेतला तर सामानाचे ६ स्लॉट, जिल घेतली तर ८, त्याच्यातच पिस्तूल, त्याच्यातच गोळ्या, जखमेवरची हर्ब, अन् त्या वाड्याच्या चाव्याही त्याच्यातच. सेव्ह मारायचं तर टाइपरायटर शोधा, टाइपरायटर सापडला तर शाईची रिबन पाहिजे, अन् रिबनी मोजून मापून दिलेल्या. म्हणून कॉरिडॉरमध्ये झॉम्बी दिसला की "बापरे" म्हणायच्या आधी डोक्यात गणित सुरू होते, याला मारू का कटवू, मारलं तर पुढच्या खोलीत काय निघन, कटवलं तर परत याच रस्त्यानं यायचं आहे तेव्हा हा उभाच असन, अन् शेवटची सेव्ह कुठं मारली होती बे आपण.

पहिल्याच भागाच्या २००२ च्या गेमक्यूब कन्सोलवाल्या रिमेकनं तर हद्द केली. मारलेला झॉम्बी जाळला नाही किंवा त्याचं डोकं उडवलं नाही तर काही वेळानं लाल डोक्याचा होऊन उठते अन् पळत मागं लागते, तेच ते क्रिमसन हेड. जाळायला रॉकेल पाहिजे, रॉकेलची बाटली एक स्लॉट खाते, जिल असन तर लायटरचा अजून एक. म्हणजे मारणं हाच खर्च झाला. असा विचार करणाऱ्या माणसाच्या पाया पडावं वाटते.

आता चौथा, जानेवारी २००५. कॅमेरा खांद्यावर आला, मेलेल्यांच्या अंगातून गोळ्या पडायला लागल्या, दुकानदार कोट उघडून बंदुका विकून राहिला. ॲक्शन आहे, कोण नाही म्हणते. पण हिरो लिऑननं बंदूक वर केली की पाय जागेवर. चालता चालता गोळी मारताच येत नाही. पहिल्याच गावात चारी बाजूनं लोक कुऱ्हाडी घेऊन येऊन राहिले, तुम्ही घरात घुसून कपाट दाराला लावलं, वरच्या खिडकीला शिडी लागली, अन् तेवढ्यात डोक्यावर पोतं घातलेला तो करवतवाला येते. दर दोन सेकंदाला ठरवायचं आहे की थांबून मारू का पळू. गोळ्यांचा हिशोब सैल झाला पण जागेचा अन् वेळेचा सुरू झाला. वरून गेम गुपचूप तुमच्यावर नजर ठेवून असते, चांगलं खेळले तर कडक होते, मार खाल्ला तर ढील देते, त्याच्यानं खिसा कधी पूर्ण भरत नाही अन् पूर्ण रिकामाही होत नाही.

भीती मेली ती हिशोब बंद झाला तिथं. पाचव्यात अर्धी, सहाव्यात पूर्ण. बोला आता.

खामल्याचा_पोट्टा

पहिला!!! वाचतो मंग.

जुनाट_कन्सोल

चांगलं लिहिलं रे. फक्त चौथ्यावर ॲक्शनचं खापर फोडणारे तिसरा विसरतात हे पण टाक त्याच्यात. १९९९ चा नेमेसिस. त्याच्यात झटक्यात मागं वळता यायला लागलं, वेळेवर बटन दाबलं तर वार चुकवता यायला लागला, बारूद मिसळून आपल्या हातानं गोळ्या बनवायच्या. दुसऱ्या भागाच्या पोलीस स्टेशनमध्येही पहिल्यापेक्षा मालपाणी जास्तच होतं. अन् पहिल्या भागाच्या शेवटी टायरंट नावाचा राक्षस कशानं जाते? रॉकेट लाँचरनं. म्हणजे बीज पहिल्यापासूनच पेरलेलं आहे, चौथ्यात फक्त झाड दिसलं.

पण हिशोब हिशोब जे तू लावून धरलं ते अर्धंच. खरी भीती कॅमेऱ्याची होती. खोलीच्या कोपऱ्यात अडकवलेला कॅमेरा, तुम्ही दारातून आत आले, कण्हण्याचा आवाज येऊन राहिला, पण झॉम्बी फ्रेमच्या बाहेर. त्याला दिसते तुम्ही, तुम्हाला नाही दिसत तो. गोळ्या शंभर असल्या तरी मारणार कुठं?

आमच्या वेळी घरी कन्सोल असणारे फार नव्हते, आम्ही पार्लरमध्ये तासाचे पैसे देऊन खेळायचो, मेमरी कार्ड पार्लरवाल्याचं. तुमची सेव्ह दुसऱ्या दिवशी राहील याची गॅरंटी नाही, कोणीतरी फुटबॉलची लीग त्याच्यावर चढवलेली असायची. त्याच्यापुढं क्रिमसन हेड काय घाबरवणार.

खामल्याचा_पोट्टा

काका फुटबॉलची लीग 😂😂

वाचलं आता पूर्ण. +१ धाग्याले. पण मले एक सांगा, पहिल्या भागात कुत्रे खिडकी फोडून येते तो सीन हिशोबात कुठं बसते? तिथं मी हेडफोन फेकला होता, गणित गिणित काही केलं नव्हतं.

तर्री_मारके

@खामल्याचा, कुत्रे पहिल्यांदा दचकवतात, बरोबर. पण दुसऱ्यांदा तू त्या कॉरिडॉरमधून जाते तेव्हा काहीच होत नसते तरी तू भिंतीला घासून जाते न? दचकणं अन् भिणं वेगळं आहे भाऊ. दचकवायला कोणीही दचकवते, माझी आजी अंधारात पाणी प्यायला उठली तरी मी दचकतो.

काकांचा कॅमेऱ्याचा मुद्दा एकदम मान्य, पण तो पण माहितीचाच हिशोब झाला न. किती दिसते अन् किती नाही.

बग_रिपोर्ट

मी याच लाइनमध्ये काम करतो म्हणून कॅमेऱ्याबद्दल थोडं लिहितो, बोअर झालं तर स्क्रोल करा.

तो कोपऱ्यातला कॅमेरा काही कोणी फक्त घाबरवायला म्हणून शोधला नव्हता. पीएस१ ची ताकद कमी होती, एवढा नक्षीकाम केलेला वाडा थ्रीडीमध्ये चालता चालता काढणं शक्य नव्हतं. म्हणून खोलीचं चित्र आधीच बनवून ठेवायचं, त्यावर फक्त माणसं आणि झॉम्बी थ्रीडीत हलवायचे. चित्र हलत नाही म्हणून कॅमेरा हलत नाही. १९९२ च्या अलोन इन द डार्कमध्येही कॅमेरे असेच जागेवर अडकवलेले होते. दार उघडायचं ते हळूहळू ॲनिमेशन आठवतं? त्याच्यामागे पुढची खोली लोड होत असायची. सायलेंट हिल या दुसऱ्या हॉरर गेमचं धुकं पण तसंच, १९९९ मध्ये पीएस१ ला लांबचं गाव काढता येत नव्हतं म्हणून धुकं टाकलं, आणि आता धुक्याशिवाय सायलेंट हिलची कोणी कल्पनाही करत नाही.

म्हणजे मशीनची अडचण होती तोवर भीती फुकटात मिळत होती. मशीन तगडी झाली, कॅमेरा मोकळा झाला, आता भीती मुद्दाम डिझाईन करावी लागते. चौथ्या भागात मिकामीच्या टीमनं ती केली, पाय रोवून गोळी मारायची अट ही मशीनची अडचण नव्हती, तो निर्णय होता. आणि तो सहज नाही झाला, चौथा भाग त्यांनी अनेकदा पाडून परत बांधला. दिग्दर्शक हिदेकी कामियाच्या हातातली एक आवृत्ती इतकी ॲक्शनकडे गेली की तिचा वेगळा गेम करून टाकला, तो म्हणजे २००१ चा डेव्हिल मे क्राय. नंतरच्या एका आवृत्तीत लिऑनला भास होतात आणि हातात आकडा घेतलेला एक माणूस मागे लागतो, तीही कचऱ्यात गेली. त्यामुळे "कॅपकॉमला ॲक्शनच हवी होती" असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्या की सगळ्यात जास्त ॲक्शनवाली आवृत्ती त्यांनी स्वतःच सिरीजमधून बाहेर काढली होती.

सदरवाला

एवढं सगळं ज्ञान वाचून झालं, आता माझं ऐका. आरई ५, दोघांनी मिळून खेळायचा तो, हा माझा आवडता आहे अन् मी लाजत नाही.

तुम्ही लोक पाचव्याला हॉरर म्हणून मोजता अन् मंग रडता. मी अन् माझा चुलतभाऊ मे महिन्यात दुपारी खेळायचो, बाहेर ४५ डिग्री, पडदे लावलेले, कूलरचा असा घर्रर्र आवाज की गेममध्ये कोण मागून येऊन राहिलं ते कधीच ऐकू यायचं नाही, अन् मध्येच "कूलरमध्ये पाणी टाकलं का बे कोणी" असा आतून आवाज. एकजण पाणी टाकायला उठला की दुसऱ्यानं दोघांचा जीव वाचवायचा. दोघातला एक मेला की गेम ओव्हर, हे विसरता तुम्ही. प्रत्येकाला ९ स्लॉट, हर्ब कोणाकडं, शॉटगनच्या गोळ्या कोणाकडं, ते पण खेळ सुरू असताना ठरवायचं, बॅग उघडली म्हणून गेम थांबत नाही. हिशोब नाही म्हणता? आमची भांडणंच हिशोबावरून व्हायची, चुलतभाऊ भाडखाऊ थोडं खरचटलं तरी हर्ब खायचा.

तर्री_मारके

@सदरवाला तुझ्या चुलतभावाला नमस्कार 🙏 पण तूच सांगून राहिला न की भांडण चुलतभावाशी होतं, गेममधल्या कोणाशी नाही. भीती वाटायला माणूस एकटा पाहिजे. अन् एकटा खेळला असता तर ख्रिसच्या जोडीदारणीला, शेवाला, कॉम्प्युटर चालवते, ती कॉम्प्युटरवाली शेवा पिस्तुलाच्या गोळ्या कशा उधळते ते माहीतच आहे सगळ्यांना. अन् शेवटी ख्रिस ज्वालामुखीत दगडाला बुक्क्या मारते. बुक्क्या. दगडाला. तिथं माझा टीव्हीसोबतचा संवाद संपला.

खामल्याचा_पोट्टा

दगडाले बुक्क्या हा सिरीजचा सर्वात भारी सीन आहे, काही बोलायचं नाही त्याच्याबद्दल. इज्जतीनं बोला.

अस्मि_ध

धागा मस्त आहे पण मला धागाकर्त्याशी असहमत व्हायचंय. आणि हो, इथे व्हिलेजचा, म्हणजे आठव्या भागाचा स्पॉयलर आहे (कथा आधीच फुटेल), ज्यांना खेळायचाय त्यांनी पुढे जाऊ नका.

२०२१ च्या व्हिलेजमधलं बेनेव्हिएंटोचं घर घ्या. तिथे गेल्यावर गेम तुमच्याकडून सगळी शस्त्रं काढून घेतो. पिस्तूल नाही, सुरी नाही. म्हणजे हिशोब करायला काही शिल्लकच नाही. बाहुल्या, अंधारी तळघरं, आणि मग ते बाळ, मी त्या बाळाबद्दल जास्त लिहिणार नाही कारण आता रात्र आहे आणि घरी मी एकटी आहे. पलंगाखाली लपून त्याचं रडणं ऐकत बसायचं, बस. अख्ख्या सिरीजमध्ये मला एवढी भीती कशाचीच वाटली नाही. तुमच्या थिअरीप्रमाणे तिथे भीती वाटायलाच नको होती ना?

उलट त्याच गेममध्ये लेडी दिमित्रेस्कूच्या किल्ल्यात गोळ्या मोजल्या, बाटल्या मोजल्या, सगळा हिशोब केला आणि मला मजा आली, भीती नाही. त्या बाईंचे कपडेच बघत होते मी जास्त.

माझ्या मते भीती हिशोबाची नाही, आपण किती लाचार आहोत याची असते. सातव्या भागाची सुरुवात आठवा, २०१७ चा, पहिल्यांदाच मेन सिरीजमध्ये कॅमेरा थेट डोळ्यात. ईथन कोणी पोलीस नाही, कमांडो नाही, बायकोला शोधत लुइझियानातल्या एका पडक्या घरात आलेला साधा माणूस. त्या घराचा मालक जॅक बेकर भिंत फोडून येतो आणि तुम्हाला पळायचं कुठे हेही माहीत नसतं. लिऑन आणि ख्रिसला चौथ्या-पाचव्या भागापर्यंत इतका सराव झालेला असतो की त्यांना काही होईल असं वाटतच नाही. कथेतच त्यांना भीती वाटत नाही तर मला का वाटावी?

जुनाट_कन्सोल

अस्मिताई बरोबर बोलल्या. शेवटचं वाक्य तर सोन्याचं. पहिल्या भागातली जिल घाबरलेली वाटायची. सहाव्यातला लिऑन सगळं जग झॉम्बी होऊन राहिलं तरी केस नीट करून राहिला.

नियामक

पोस्टच्या सुरुवातीला स्पॉयलर लिहिल्याबद्दल अस्मि यांचे आभार. बाकीच्यांनीही हे पाळा. आणि शिव्या आवरा, चुलतभावांच्या बाबतीतसुद्धा.

तर्री_मारके

अस्मि, बेनेव्हिएंटोचं घर मी पण विसरू शकत नाही, पण ते किती वेळ चालते पाहा. सगळ्या गेमच्या मानानं छोटासा तुकडा. अन् तो छोटा आहे म्हणूनच चालते. पूर्ण गेम असा बनवला तर काय होते ते आपल्याला माहीत आहे, २०१० चा ॲम्नेशिया, २०१३ चा आउटलास्ट, हातात काहीच नाही, फक्त लपा अन् पळा. सुरुवातीला जीव मुठीत. मंग मागं लागणाऱ्याचा रस्ता पाठ होते, पकडलं तर परत मागून सुरू, अन् तिसऱ्या पाठलागापर्यंत भीतीची चीड होऊन जाते. लाचारी लवकर जुनी होते. हातात थोडंसं काहीतरी असलं तर माणूस जास्त वेळ भिते, कारण ते वाया घालवायची भीती असते.

अन् दुसरं, बेनेव्हिएंटोच्या घरात भीती वाटते कारण त्याच्या आधी गेमनं तुमच्या हातात बंदुका देऊन सवय लावलेली असते. रिकाम्या हाताला अर्थ तेव्हाच येते.

ईथनबद्दल मात्र हजार टक्के.

अस्मि_ध

एलियन आयसोलेशन? २०१४. जवळजवळ पूर्ण गेमभर एकच एलियन मागावर, त्याला मारताच येत नाही, आणि पंधरा तासांच्या वर चालतो तो. मला तरी शेवटपर्यंत जुनं नाही वाटलं. कारण त्याचा रस्ता पाठ होत नाही, तो तुम्हाला शोधतो. त्यामुळे दोष लाचारीचा नाही, ठरलेल्या रस्त्याचा आहे.

बग_रिपोर्ट

अस्मिच्या बाजूनं. २०१९ च्या आरई २ रिमेकमध्ये मिस्टर एक्स नावाचा राक्षस तसाच आहे, त्याला गोळ्या घातल्या तर थोडा वेळ गुडघ्यावर येतो, मरत नाही, आणि वरच्या मजल्यावर त्याचे बूट ऐकू येतात. अख्ख्या पोलीस स्टेशनमध्ये तुम्ही कुठे आहात यापेक्षा तो कुठे आहे याचाच विचार. कॅमेरा खांद्यावरच आहे, चौथ्या भागाचाच, तरी भीती परत आली. म्हणजे कॅमेऱ्याचं माझं वरचं भाषण अपुरं होतं असं कोणी म्हणायच्या आधी मीच सांगतो, मी आधीच म्हटलंय की आता मुद्दाम डिझाईन करावी लागते 😄

आणि त्या रिमेकमधल्या झॉम्बीची एक छोटी गोष्ट. डोक्यात गोळ्या घातल्या तरी तो नक्की कितव्या गोळीला मरेल ते सांगता येत नाही. कधी दोनमध्ये पडतो, कधी पाच लागतात, आणि पडला तरी मेलाच असं नाही. धागाकर्ता म्हणतो तो हिशोब इथे आहे, पण आकडे गेमनं लपवलेले आहेत.

पुण्यात_अडकलेला_नागपूरकर

उशिरा आलो. सगळे डिझाईनवर बोलून राहिले, पैशावर कोणीच बोलत नाही, तर ते मी बोलतो.

चौथ्या भागाचा खांद्यावरचा कॅमेरा अमेरिकेतल्या लोकांनी उचलला, त्याच्यातून २००६ चा गिअर्स ऑफ वॉर निघाला, तो तुफान चालला. त्यानंतर सगळ्या कंपन्यांना वाटायला लागलं की पैसा तिथंच आहे. गंमत पाहा, ज्यानं सगळ्यांना कॅमेरा शिकवला त्यानंच मंग शिष्याची कॉपी मारली, सहाव्यात ख्रिस भिंतीला टेकून कव्हर घेऊन फौजेत गोळ्या झाडून राहिला. पाचवा २००९ चा, तो बरीच वर्षं सिरीजमधला सर्वात जास्त विकला गेलेला गेम होता, त्यामुळे कॅपकॉमच्या मीटिंगमध्ये "भीती कमी झाली" असं म्हणणाऱ्याचं कोण ऐकणार? २०१२ मध्ये सहाव्यासाठी ७० लाख कॉप्यांचं टार्गेट ठेवलं अन् नंतर ते खाली आणावं लागलं.

अन् सहावा म्हणजे लग्नाचा बुफे. लिऑनच्या भागात झॉम्बी, ख्रिसच्या भागात युद्ध, जेकच्या भागात पाठलाग अन् कुस्ती, ॲडाच्या भागात चोरून चोरून चालणं. प्लेटमध्ये सगळं आहे, मसालेभात गुलाबजामच्या पाकात गेला आहे, अन् घरी येऊन परत भूक.

हेच डेड स्पेस या ईए कंपनीच्या हॉरर गेमचं झालं. २००८ चा पहिला, हिरो इंजिनिअर, हातात खाणकामाचं कटर, स्क्रीनवर हेल्थचा पट्टा नाही, तो पाठीच्या कण्यावर. डोक्यात नाही मारायचं, हातपाय कापायचे. काय गेम होता यार. २०१३ च्या तिसऱ्यात को-ऑप म्हणजे दोघांनी मिळून खेळणं घातलं, सगळ्या हत्यारांना एकच कॉमन गोळी केली, म्हणजे आपला धागाकर्ता म्हणते तो हिशोब एका फटक्यात खल्लास, अन् वरून सामान खऱ्या पैशानं विकायला लावलं. रिलीजच्या आधीच ईएच्या वरच्या साहेबानं बोलून दाखवलं होतं की अशी सिरीज टिकवायची तर ५० लाखांच्या आसपास लोक पाहिजेत. ५० लाख लोकांना एकदम घाबरायचं नसते भाऊ. त्याच्यातल्या काही जणांना फक्त टाइमपास पाहिजे. तेवढे लोक गोळा करायचे म्हटलं की आधी भीतीच पातळ करावी लागते. गेम अपेक्षेएवढा विकला नाही, चौथा भाग आलाच नाही, अन् २०१७ मध्ये तो बनवणारा व्हिसरल स्टुडिओ बंद.

सदरवाला

डेड स्पेस ३ च्या को-ऑपमध्ये पण एक भारी गोष्ट होती अन् ती कोणी सांगत नाही. दुसरा प्लेअर कार्व्हर असते, त्याला जे भास होतात ते फक्त त्याच्याच स्क्रीनवर दिसतात. म्हणजे मी ओरडून राहिलो "ते खेळण्यातले सैनिक पाहा बे", अन् समोरचा म्हणते "कोणते सैनिक?" भीती दोघात पण बनवता येते, डोकं लावलं तर. तर @तर्री, "माणूस एकटा पाहिजे" हे काही खरं नाही.

तर्री_मारके

हे मला माहीत नव्हतं. भारी आहे हे. म्हणजे दोघं सोबत असून प्रत्येक जण एकटा. हे पाचव्यात केलं असतं तर... शेवाला काहीतरी दिसून राहिलं अन् ख्रिसला नाही. अरे यार. आता झोप नाही येणार, भीतीनं नाही, हळहळीनं.

खामल्याचा_पोट्टा

मी आत्ताच सहावा सेलमध्ये घेतला होता अन् तुम्ही बुफे म्हणून राहिले 😭 पाडव्याच्या मुहूर्तावर घेतला न बे.

जुनाट_कन्सोल

पोळ्याच्या पाडव्याला घ्यायचा होता, म्हणजे नागपुरात नको ते सगळं हाकलायला मारबतीची मिरवणूक निघते न, लगे हाथ तिच्यात देऊन टाकला असता. आरई ६ घेऊन जा गे मारबत!!

पुण्यात_अडकलेला_नागपूरकर

😂😂😂 काका. डोळ्यासमोर आलं, काळी मारबत, पिवळी मारबत अन् मागं जेक मुलरचा बडग्या. पुण्यातल्या ऑफिसमध्ये हसलो अन् आता कोणाला समजावून सांगू.

सदरवाला

सहाव्याची एक बाजू घेतो अन् जातो. त्याचं कॉम्बॅट गेमनं नीट शिकवलंच नाही म्हणून लोकांनी शिव्या दिल्या. चालता चालता गोळी, जमिनीवर घसरत जाऊन पाठीवर पडून गोळी, वेळेवर पलटवार, हे सगळं एकदा हातात बसलं की मर्सिनरीज मोडमध्ये त्याच्याइतकी मजा दुसऱ्या कोणत्याच भागात नाही. हॉरर म्हणून शून्य, हे मी पण म्हणतो. गेम म्हणून शून्य नाही.

अस्मि_ध

मान्य. आणि खरं तर हाच फरक कोणी करत नाही, वाईट गेम आणि न घाबरवणारा गेम. २०२३ च्या आरई ४ रिमेकमध्ये चालता चालता गोळी मारता येते, सुरीनं करवतसुद्धा अडवता येते, म्हणजे जुन्यापेक्षा ॲक्शन वाढलीच. तरी तो रीजनरेटर राक्षसाचा घरघरता श्वास ऐकला की मी कंट्रोलर मांडीवर ठेवून देते थोडा वेळ.

तर्री_मारके

अन् सुरी झिजते!! जुन्या चौथ्यात सुरी कायमची होती. रिमेकमध्ये पाय मोकळे केले अन् त्याच्या बदल्यात सुरी झिजवली. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं काढलं. मी हेच सकाळपासून सांगून राहिलो.

बग_रिपोर्ट

नवव्या भागात, रिक्वीएममध्ये तर कॅपकॉमनं सरळ वाटणीच करून टाकली आहे. ग्रेसच्या वाट्याला भीती, लिऑनच्या वाट्याला मारामारी. दोन्ही गिऱ्हाईकं एकाच दुकानात. यावर वेगळा धागा काढा कोणीतरी, इथे नको.

नवा_खेळाडू_मानेवाडा

नमस्कार सगळ्यांना, बरेच दिवसांपासून फक्त वाचत होतो, आज आयडी बनवला. मी एकही रेसिडेंट ईव्हिल खेळलेलो नाही. लॅपटॉप आहे, फार भारी नाही. कुठून सुरू करू? आणि जास्त घाबरायचं नाहीये पण थोडं घाबरायचंय.

जुनाट_कन्सोल

ये रे बाबा, स्वागत आहे. २००२ वाल्या रिमेकचं एचडी व्हर्जन घे, साध्या लॅपटॉपवरही चालते. कंट्रोल नवीन पद्धतीचे पण निवडता येतात, जुन्या पद्धतीनं माणूस पहिला अर्धा तास भिंतींनाच टकरा मारते.

अस्मि_ध

काका, एकदम पहिल्याला क्रिमसन हेड? आरई २ रिमेक चालत असेल लॅपटॉपवर तर तो घे. स्टँडर्ड लेव्हलवर खेळ, तिथे सेव्ह हवी तेवढी मारता येते. हार्डकोर निवडलास तर शाईच्या रिबनी लागतात, आणि मग तू धागाकर्त्याच्या टोळीत.

तर्री_मारके

हार्डकोरवरच खेळ. माणूस बनशील.

नवा_खेळाडू_मानेवाडा

😅 स्टँडर्डच बरं. आणि एक विचारायचं होतं, सदरवाले दादा म्हणाले तसं पाचवा दोघांनी एकाच लॅपटॉपवर खेळता येतो का? माझा लहान भाऊ आहे, त्याला पण बसायचंय.

सदरवाला

येते येते. आधी पीसीवर नव्हतं, लोकं मॉड टाकून खेळायचे. २०२३ मध्ये अपडेट आली, त्याच्यात कॅपकॉमनं स्प्लिट स्क्रीन दिली. एचडीएमआयनं टीव्हीला जोड, लॅपटॉपच्या स्क्रीनवर दोन तुकडे केले तर काहीच दिसत नाही. कंट्रोलर मात्र पाहिजे.

नवा_खेळाडू_मानेवाडा

कंट्रोलर दोन आहेत, पण एकाची डावी स्टिक आपोआप एका बाजूला जाते.

सदरवाला

तो भावाला दे.